सरावाचे विमान

विमानाच्या प्रतिकृतीच्या स्वस्त किटच्या खोक्यावर जे विमान रंगवलेले असते, तेच आत निघेल असे नाही. चित्रातल्या शेपटीवर एका देशाची खूण असते आणि आतल्या डेकलवर, म्हणजे चिकटवायच्या चित्रांवर, दुसऱ्याच देशाची. विमानाच्या नावातले एखादे अक्षर गळालेले असते. ज्याने साचा आधी घडवला त्याचे नाव कुठेही नसते. उचललेल्या कामावर मूळ नाव कोण घालणार?

तरी अशा किट मी घेतो. दोन-तीनशे रुपयांत मिळतात. कधी ऑनलाइन मागवतो. कधी आपल्या भंडारा जिल्ह्यातल्या अड्याळच्या घोडायात्रेत, खेळण्यांच्या दुकानात, फुगे आणि पिपाण्यांच्या मागे एखादी पडलेली सापडते. घरी आणतो, सुटे करतो, जोडतो, घासतो, रंगवतो. त्यांच्यावर हात बसवतो.

कोणी विचारते, नकली किट आहे, कशाला इतका वेळ घालवता? प्रश्न साधा आहे. उत्तर मात्र मला सावकाश सापडत गेले.

सध्या टेबलावर मिग-२१ आहे. खऱ्या विमानाच्या बहात्तराव्या हिश्श्याएवढे. नाकापासून शेपटीपर्यंत वीतभर, आणि पंखांच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जेमतेम दहा सेंटिमीटर. खरे विमान १९६३ साली आपल्या हवाई दलात आले आणि २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला त्याने निरोप घेतला. त्यातली शेकडो विमाने आपल्या नाशिकजवळ ओझरला बांधली गेली. ओझरच्या कारखान्यातही सुरुवात जोडण्यापासूनच झाली होती. आधी सोव्हिएत संघातून आलेले सुटे भाग जोडले, मग एकेक भाग इथेच घडवायला घेतला. हातांनी आधी जोडायचे शिकून घेतले, घडवायचे नंतर.

माझ्या किटमधले भाग एका चौकटीला चिकटून येतात. एकेक भाग कटरने सोडवायचा, ब्लेडने त्याचे देठ काढायचे, कानशीने कड सारखी करायची. मग दोन भाग एकमेकांशी लावून बघायचे. चांगल्या किटचे भाग लावताच बसतात. स्वस्त नकलेचे बसत नाहीत. विमानाच्या धडाचे दोन उभे अर्धे भाग असतात. नाकाकडे ते जुळवले, तर शेपटीकडे एक भाग पुढे जातो. शेपटीकडे जुळवले, तर नाक तोंड वाकडे करते.

हे असे का होते, ते समजून घेतले की राग येत नाही. पोलादी साच्याचे दोन भाग एकमेकांवर दाबून मिटवतात. मधल्या पोकळीत वितळलेले पॉलिस्टायरीन जोराने सोडतात. ते थिजले की साचा उघडतो आणि बारीक सळ्या आतले भाग बाहेर ढकलतात. त्या सळ्यांचे गोल ठसे भागांच्या अंगावर राहतात. साचा झिजलेला असला किंवा नीट मिटला नाही, की फटीतून प्लास्टिकचा पातळ पापुद्रा बाहेर येतो. जिथे प्लास्टिक जाड असते तिथे थंड होताना ते आत खचते आणि वर खळगा पडतो. प्रत्येक दोषामागे काहीतरी घडलेले असते. दोष म्हणजे त्या घडलेल्याचा उमटलेला माग.

आणखी एक गोष्ट आहे. प्लास्टिक थंड होताना थोडे आकसते. चांगला कारखानदार ते आकसणे आधीच हिशेबात धरून साचा थोडा मोठा कापतो. पण तयार भागावरूनच कोणी नवा साचा घेतला आणि हा हिशेब धरला नाही, तर निघणारा भाग मुळाहून किंचित लहान भरतो. त्या भागावरून आणखी कोणी साचा घेतला, तर तो आणखी लहान. रेषाही पुसट होत जातात. मूळ साच्यात जिथे खिळ्यांच्या ओळी मोजता येत होत्या, तिथे नकलेत नुसता खरखरीतपणा उरतो. नकलेची नकल करत गेले की वस्तू आटत जाते.

हे नुसत्या प्लास्टिकचे नाही. ऐकीव गोष्टीवरून ऐकीव गोष्ट सांगत गेलो, तर तीही अशीच आटते. म्हणून नकल हाताळताना मी मुळाकडे बघत राहतो. खऱ्या विमानाची छायाचित्रे समोर ठेवतो. किटमध्ये जी रेघ पुसट आहे, ती छायाचित्रात कुठून कुठे जाते ते बघतो आणि सुईच्या टोकाने पुन्हा कोरतो. किट नीट असती तर मी इतके बघितले नसते. चांगल्या किटवर आपण विसंबतो. स्वस्त किटवर विसंबता येत नाही, म्हणून डोळे उघडे ठेवावे लागतात.

मिगच्या नाकात वजन भरावे लागते. त्याला पुढे एक चाक आणि मागे दोन. मागचा भार जास्त झाला की विमान शेपटीवर बसते. माझ्या किटच्या कागदावर हे कुठेच लिहिलेले नाही. नकल करणाऱ्याने भाग उचलले, सूचना अर्ध्याच उचलल्या. आपल्याकडे वैनगंगेत मासे धरणारे ढिवर जाळ्याच्या कडेला शिशाच्या गोळ्या लावतात. त्यातली एक मी मागून आणली आणि धड मिटवण्याआधी नाकात चिकटवली. जे शिसे जाळे नदीच्या तळाशी धरून ठेवते, तेच विमानाचे नाक खाली धरून ठेवते. आता ते तीन चाकांवर नीट उभे आहे. आत काय आहे ते कोणाला दिसणार नाही. विमान उभे आहे, एवढेच दिसेल.

पॉलिस्टायरीन जोडायचे सोल्युशन नुसते चिकटवत नाही. ते दोन्ही कडा विरघळवते. विरघळलेल्या कडा एकमेकींत मिसळतात, सोल्युशन उडून जाते आणि दोन भागांचा एक भाग होतो. याला वेळ लागतो. वरून कोरडे वाटले तरी आत ते मऊ असते. त्याच दिवशी घासून सपाट केलेला जोड काही दिवसांनी पुन्हा खचतो आणि रंगाखालून रेघ दिसू लागते. म्हणून जोडून ठेवायचे आणि उठून दुसऱ्या कामाला लागायचे. न करणे हाही कामाचाच भाग आहे, हे हाताला उशिरा पटते.

फट उरलेली असते तिथे पुट्टी भरायची. ती सुकली की पाण्यात भिजवलेल्या वॉटर पेपरने घासायची. आधी चारशे नंबर, मग आठशे, मग बाराशे. दुपारी, ऊन माथ्यावर असताना, जोड सपाट दिसतो. सकाळचे ऊन मात्र आडवे येते. ते खिडकीतून विमानाच्या पाठीवर तिरपे पडले, की दुपारी नाहीशी झालेली फट पुन्हा दिसते. तिरप्या उजेडात प्रत्येक खळग्याला सावली असते. म्हणून तपासायचे काम मी सकाळी करतो. उजेड तोच असतो, कोन बदललेला असतो. आणि कोन बदलला की पुरेसे वाटलेले काम अजून थोडे शिल्लक आहे हे कळते.

इथे एक हिशेब मनात येतो. अर्ध्या मिलिमीटरची फट. बोटाला लागते न लागते. पण विमान बहात्तर पटींनी लहान आहे. खऱ्या विमानात तीच फट छत्तीस मिलिमीटरची झाली असती. आवाजाच्या दुप्पट वेगाने जाणाऱ्या विमानाच्या अंगावर दोन बोटे मावतील एवढी फट. लहान गोष्टीतली चूक लहान दिसते, कारण आपण तिला लहान मापाने मोजतो.

महागडी किट हातात आली की हात जड होतो. तीन-चार हजारांची वस्तू. ब्लेड टेकवताना मन मागे खेचते. एक फटकारा चुकला तर? रंग ओघळला तर? मग आपण जेवढे येते तेवढेच करतो. नवे काही करून बघत नाही. भीतीपोटी केलेले काम नीट होते, पण त्यात शिकणे होत नाही.

स्वस्त किट ही भीती काढून घेते. पहिल्यांदा रेघ कोरायची, पहिल्यांदा मास्किंग टेप लावून दोन रंगांची कड पाडायची, धूर लागून काळवंडलेली शेपटी रंगवायची, हे सगळे तिच्यावर करून बघता येते. बिघडले तर बिघडले. नुकसान सोसता येईल एवढेच असते. शिकायला अशी एक जागा लागते, जिथे चुकण्याची किंमत परवडते.

पण भीती गेली की तिच्याबरोबर आणखी काही निघून जाऊ शकते. मन म्हणते, सरावाचेच तर आहे, चालेल. आतला कॉकपिट कशाला रंगवायचा, काच लावल्यावर दिसणार नाही. चाकांच्या कप्प्यातला पापुद्रा कशाला काढायचा, विमान उलटे करून कोण बघणार? हे ‘चालेल’ फार सोपे असते. आणि ज्या दिवशी आपण ‘चालेल’ म्हणतो, त्या दिवशी सराव होतोच. फक्त तो ‘चालेल’चा सराव होतो. हाताला खऱ्याखोट्यातले कळत नाही. हात जे करतो, तेच शिकतो.

भीती जावी आणि काळजी राहावी. माझ्या मते सरावाचे सगळे मर्म एवढ्यात आहे.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्या विदर्भात तान्हा पोळा भरतो. आदल्या दिवशी खऱ्या बैलांचा मान असतो, दुसऱ्या दिवशी पोरांच्या लाकडी बैलांचा. चार चाकांवर उभा, सुताराने घडवलेला बैल. पोरे त्याची शिंगे रंगवतात, पाठीवर झूल टाकतात, गळ्यात घुंगरू बांधतात आणि दोरी धरून तोरणाखाली आणतात. मग घरोघर फिरतात. घरातली बाई निरांजन घेऊन बाहेर येते. बैलाच्या कपाळाला कुंकू लावते, ओवाळते, पोराच्या हातावर बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, ठेवते. हे खेळणे आहे म्हणून कोणी कुंकू लावायचे टाळत नाही. वर्षभर राबणाऱ्या जनावरापुढे वाकायचे असते, हे पोराला त्या दिवशी लाकडावर शिकायला मिळते. बैल लाकडाचा असतो, मान खरा असतो. पुढे हेच पोर गोठ्यातल्या बैलाच्या पाठीवरून हात फिरवील, तेव्हा त्या हाताला काहीतरी आधीच ठाऊक असेल.

मोठ्या माणसांनीही असे केले आहे. १९४२ साली, महायुद्धाच्या ऐन धामधुमीत, अमेरिकेच्या नौदलाने देशभरच्या शाळांकडे पाच लाख लाकडी विमाने मागितली होती. मुलांनी शाळेच्या कार्यशाळेत ती तासायची, घासायची आणि काळी रंगवायची. प्रमाण हेच, बहात्तराव्या हिश्श्याचे. कारण असे की, पस्तीस फुटांवरून बघितलेले हे लहान विमान सुमारे अर्ध्या मैलावरच्या खऱ्या विमानाएवढे दिसते. आकाशात दिसणारी काळी आकृती आपली की शत्रूची, हे सैनिकांनी त्या लाकडी विमानांवरून ओळखायला शिकायचे होते. ती विमाने सरावासाठीच होती. पण एखाद्या मुलाने पंखाचा कोन चुकवला असता, तर ती चूक तोफेमागे उभ्या असलेल्या माणसाच्या डोळ्यात जाऊन बसली असती. मुलांना साचे मोजून मापून दिले होते, आणि तयार विमान त्या मापात बसते का हे तपासून मगच घेतले जात होते.

आपल्या देशाचेही असेच. वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने डिसेंबर १९४० मध्ये बंगळुरूला हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही कंपनी सुरू झाली. १९४१ साली तिथे जोडले गेलेले पहिले विमान हार्लो जातीचे होते. आराखडा अमेरिकन, आणि विमान शिकाऊ वैमानिकांसाठीचे. दहा वर्षांनी, १९५१ साली, एचटी-२ हे आपल्या आराखड्याचे विमान उडाले. तेही शिकाऊ वैमानिकांसाठीच होते. ते घडवणाऱ्यांचे प्रमुख होते कोल्हापूरकडचे डॉ. विष्णू माधव घाटगे. जर्मनीत ग्योटिंगेनला लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली शिकलेला हा माणूस. वायुगतिशास्त्रात त्या काळी याहून मोठे गुरू मिळणे कठीण होते. असा माणूस देशासाठी विमान घडवायला बसला, आणि त्याने आधी शिकणाऱ्यांसाठी विमान घडवले. मला याचे फार वाटते. पुढे त्यांनी घडवलेले किरण हे जेट विमान १९६४ साली उडाले. तेही प्रशिक्षणाचेच.

मधल्या काळात मारुत हे लढाऊ जेट विमान घडत होते. कुर्ट टँक या जर्मन रचनाकाराच्या मार्गदर्शनाखाली ते काम चालले होते. जेट उडण्याआधी, १९५९ साली, त्याच आकाराचे पूर्ण लाकडी ग्लायडर बनवले गेले. इंजिन नाही. डाकोटा विमानामागे ओढत ते वर न्यायचे आणि सोडायचे. मग ते कसे वळते, कसे उतरते ते बघायचे. लाकडाचे विमान वारंवार उडाले, तेव्हा १९६१ साली धातूचे विमान उडाले. लाकडाच्या विमानात बसणारा वैमानिक मात्र हाडामांसाचाच होता. ‘सरावाचे आहे, चालेल’ असे त्याला एकदाही म्हणता आले नसते.

गोंदिया १९९९ पर्यंत आपल्याच भंडारा जिल्ह्यात होता. तिथे बिरसीच्या विमानतळावर वैमानिकांचे प्रशिक्षण चालते. विमान उतरवायला शिकताना चाके धावपट्टीला टेकवायची, आणि न थांबता वेग वाढवून पुन्हा वर जायचे, असा एक सराव असतो. पुन्हा फेरी मारायची, पुन्हा चाके टेकवायची. खाली बघणाऱ्याला वाटावे, हे उतरायचे सोडून खेळत का आहे? पण प्रत्येक वेळी धावपट्टी खरी असते. वेग खरा असतो, आडवा वारा खरा असतो. सरावाचे उतरणे आणि खरे उतरणे यांत जमिनीला काही फरक माहीत नसतो.

नकली किटबद्दल एक गोष्ट मात्र मनाला टोचत राहते. हा साचा कोणाच्या तरी कष्टातून आलेला आहे. कोणीतरी संग्रहालयात जाऊन खऱ्या विमानाभोवती फिरला असेल. टेप लावून मापे घेतली असतील. महिनोन्महिने आराखडा काढला असेल, पोलाद कापले असेल. नकल करणाऱ्याने ते सगळे एका फटक्यात उचलले, आणि त्याचे नावही घेतले नाही. आपण ती स्वस्तात घेतो, तेव्हा त्या न घेतलेल्या नावात आपलाही थोडा वाटा असतो.

या धंद्याचा इतिहास बघितला तर तो फार स्वच्छ नाही. किट म्हटले की ज्यांचे नाव आधी आठवते, त्या इंग्लंडच्या एअरफिक्सने १९५३ साली आपले पहिले विमान बाजारात आणले. ते स्पिटफायर होते. पण ते अमेरिकेच्या ऑरोरा कंपनीच्या किटवरून, लहान करून घेतलेले होते. पुढे याच एअरफिक्सने स्वतः मापे घेऊन, स्वतः साचे घडवून शेकडो विमाने केली, आणि जगभरच्या पोरांना विमानांची गोडी लावली. नकलेपासून सुरुवात झाली हे खरे. नकलेपाशी थांबले नाहीत हेही खरे.

शिकणारा नकल करतो आणि विकणारा नकल करतो, यांत अंतर आहे. पहिल्याला आपला हात घडवायचा असतो, दुसऱ्याला दुसऱ्याच्या हाताचे खायचे असते. पण शिकणाऱ्यानेही आपल्याला सूट आहे असे समजू नये. मी एवढे करतो. किट कोणाच्या साच्यावरून उचललेली आहे ते शोधतो. कोणी विमान बघून चांगले म्हटले, तर मूळ साचा कोणाचा ते सांगतो. आणि हात बसला, पैसे जमले, की तेच विमान मूळ कंपनीचे विकत घेतो. ज्याच्या कामावर शिकलो त्याला त्याचे देणे पोचवावे. उशिरा पोचले तरी पोचवावे.

मूळ कंपनीच्या अशा एक-दोन चांगल्या किट माझ्या कपाटात आहेत. किट जोडणाऱ्या बहुतेकांच्या कपाटात त्या असतात. हात तयार झाला की उघडू, असे म्हणून ठेवलेल्या. पण हात तयार झाला हे कोण सांगणार? चांगली साडी सणासाठी ठेवली जाते आणि सण येतात-जातात. चांगली वही सुंदर अक्षरासाठी ठेवली जाते आणि अक्षर रद्दीच्या कागदांवर झिजत राहते. सरावाचा हाही एक धोका आहे. तो इतका सुरक्षित असतो की त्यातच राहावेसे वाटते. चुकण्याची किंमत परवडते, म्हणून माणूस आयुष्यभर परवडणाऱ्या चुकाच करत राहतो.

म्हणून दोन्ही टोके सांभाळावी लागतात. सरावाचे काम करताना ते शेवटचे असल्यासारखे करावे. आणि शेवटचे वाटणारे काम हाती आले की तोही पुढचा सराव आहे हे ओळखून बिनधास्त हात घालावा. स्वस्त किटला काळजी द्यावी, महागड्या किटला धीटपणा द्यावा. ज्याला जे कमी पडते, ते त्याला द्यावे.

माझ्या मिगचा खालचा भाग रंगवून झाला आहे. वरचा उद्या होईल. चाकांच्या कप्प्यातले पापुद्रे मी काढले आहेत. कॉकपिटमधल्या आसनावर पट्टेही रंगवले आहेत. काच लावली की त्यातले फारसे काही दिसणार नाही. विमानाच्या पाठीवरचा जोड आता सकाळच्या उन्हातही दिसत नाही. शेपटीपाशी एक खळगा राहिला आहे. तो मला दिसतो. पुढच्या किटला त्यातून काहीतरी मिळेल.

तयार झाले की ते कपाटात ठेवायचे नाही, असे ठरवले आहे. महागडे विमान काचेआड ठेवावे लागते, कोणी हात लावला की जीव वरखाली होतो. हे विमान गावातल्या शाळेत देईन. मिग-२१ आता आपल्या आकाशात दिसणार नाही. पण वीतभर लांबीचे एक विमान मुलांना हातात धरता येईल. उलटे करून चाके बघता येतील, काचेला डोळा लावून आत काय आहे ते शोधता येईल. कोणी डोळा लावलाच, तर आसनावरचे पट्टे त्याला दिसतील. हाताळता हाताळता ते कधीतरी मोडेल. मोडले, की सोल्युशनची बाटली आणि वॉटर पेपर घेऊन मी जाईन, आणि ज्याच्या हातून मोडले त्याच्याच हाताने ते जोडून घेईन.